हिंजवडीच्या अळ्या मरत नाहीत

बिबवेवाडी, पुणे
१८ नोव्हेंबर २००२

प्रिय सरूआत्या,

नमस्कार. बाबांनी तुला सांगितलं असेल की सूरज पुन्हा बेपत्ता आहे. मी बेपत्ता नाही, बिबवेवाडीत आहे. कुरिअरची नोकरी गेली हे मात्र खरं. पिंपरीहून शिवाजीनगरला एक अर्जंट पाकीट द्यायचं होतं. वाटेत खडकीला मैदानात लष्कराच्या बँडची तालीम चालली होती, ती बघत उभा राहिलो. एवढे मोठमोठे मिशावाले लोक आणि एकाच्या हातात इवलीशी बासरी! तालीम फार छान झाली. पाकीट दुसऱ्या दिवशी पोचलं.

असो. आता लागलोय ती नोकरी पक्की आहे, म्हणजे जानेवारीपर्यंत टिकलो तर पक्की होणार आहे. डॉ. निकिता रणपिसे मॅडमची प्रयोगशाळा आहे, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. तिथे मी अळ्या मोजतो. हसू नकोस. मातीत एक जिवाणू सापडतो, त्याची पावडर करून पिकावर फवारली की अळ्या मरतात आणि माणसाला, गाईगुरांना काही होत नाही. हे औषध अळ्यांवर कसं काम करतं ते मॅडमनी पहिल्या दिवशी नीट समजावून सांगितलं. पण नेमका तेव्हाच खिडकीबाहेरून एक माणूस मोटरसायकलवर मागे फ्रिज बांधून चालला होता, त्यामुळे मधलं थोडं राहिलं. शेवट ऐकला. अळ्या मरतात.

तर मुद्दा असा. गावोगावच्या कोबीवरच्या अळ्या आणून बघायचं, की या पावडरीने सगळ्या सारख्याच मरतात, की एखाद्या गावच्या निर्ढावल्यात. मांजरी गावच्या झाल्या, नारायणगावच्या झाल्या. मी म्हटलं, मॅडम, हिंजवडीला माझ्या सख्ख्या आत्याचा कोबी आहे. मॅडम म्हणाल्या, "मग बोलताय काय? मागवा."

तर त्या बारक्या हिरव्या, हात लावला की धाग्याला लटकतात, त्या पाठव. पोपटकडे दे. पोपट म्हणजे माझा खोलीतला जोडीदार. तुमच्या तिथल्या एका कंपनीची बस चालवतो, रोज संध्याकाळी तुमच्या फाट्यावरूनच परत निघतो. हे पत्र आणि तुला बघायला त्या पावडरची एक पिशवी त्याच्याच हाती देतोय. मामांना नमस्कार.

तुझा,
सूरज


हिंजवडी
२३ नोव्हेंबर

चिरंजीव सूरज,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा, तो भेटशील तेव्हा घे. चार महिने पत्र न्हाई आणि आलं ते अळ्या मागायला. फोन केला असता तुला, पण कंपनीवाल्यांनी रस्ता खणला त्यात आमची वायर तुटली ती तुटलीच.

पण तू बरं विचारलंस. आमच्या घरात याच अळ्यांवरनं भांडण पेटलंय. कंपनीच्या क्यांटीनचा वैजनाथ आला होता. म्हणाला, मावशी, आमच्या पोरांना वासाचं जहर मारलेला कोबी नको, तसलं काही न मारता पिकवशील तर सगळा मळा मी घेतो, दरसाल. मी हो म्हणून बसले. तुझे मामा म्हणतात, औषध न्हाई मारलं तर कोबीची चाळणी हुईल, त्यापरीस तात्यारावला देऊ. तात्याराव म्हंजे कंपनीच्या बसगाड्यांचा ठेकेदार. त्याला आपला मळा मुरूम टाकून बसगाड्या लावायला पायजे. बघ बाबा, माझ्या हातचा कोबी जिथं हाय तिथं तुझा पोपट गाडी लावणार!

शेवटी आमचं ठरलं. तुझ्या म्याडमच्या पावडरीनं आपल्या मळ्यातली अळी मेली, तर कोबी. न्हाई मेली, तर संक्रांतीनंतर तात्यारावचा मुरूम. मामांनी तसा शब्द दिला आणि मी पण दिला. आता समदं तुझ्यावर हाय.

डब्यात शंभरएक अळ्या हायेत. मामा म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा कुणीतरी अळ्या मागितल्या, देऊन टाक समद्या." वरच्या डब्यात आपल्याच मळ्यातला कवळा पाला घातलाय. एवढ्या लांब चालल्यात. आपल्या घरातनं निघालेलं कुणी आजवर उपाशी गेलेलं न्हाई, तिथं गेल्यावर आधी खायला घाल.

आत्या


बिबवेवाडी
३ डिसेंबर

प्रिय आत्या,

बातमी मोठी आहे, पण क्रमाने सांगतो.

पोपटने डबे रात्री आणले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी आणले, कारण बसमध्ये एका मुलीने विचारलं डब्यात काय आहे आणि त्याने झाकण उघडून दाखवलं. मग अर्धी बस सीटवर चढली, त्यांना खाली उतरवता उतरवता रात्र झाली. असो.

प्रयोगशाळेत काय करतात सांगतो. कोबीच्या पानाच्या गोल चकत्या कापायच्या (ते काम माझं, बाटलीच्या झाकणाने कापतो, झकास येतात). त्या पावडरच्या पाण्यात बुडवायच्या. एक पाणी पातळ, एक घट्ट, एक अजून घट्ट, आणि एक नुसतं साधं पाणी. चकत्या वाळवून कपात ठेवायच्या, वर दहा दहा अळ्या सोडायच्या, तीन दिवसांनी मोजायच्या. मांजरीच्या अळ्या पातळ पाण्यालाच गेल्या. नारायणगावच्या थोड्या चिवट निघाल्या, पण गेल्या.

आपल्या? आत्या, आपल्यातली एकही मेली नाही! घट्टातल्या घट्ट पाण्यात बुडवलेल्या पानावर बसून टुकूटुकू बघत होत्या. मॅडमनी भिंग लावून मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. म्हणाल्या, "असं देशात कुठेच झालेलं नाही." मग अर्धा तास कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. त्याच दिवशी अहवाल वरच्या कचेरीला पाठवला. त्यात हिंजवडीचं नाव आहे, मी वाचलं.

खरं सांगू का, मला तर अभिमान वाटला. बाकीच्या गावांच्या अळ्या मी नोकरी म्हणून सांभाळल्या, पण आपल्या म्हणजे घरच्या. तू सांगितलंस तसं आधी खायला घातलं. प्रत्येक कपात औषधाची चकती होतीच, तिच्या शेजारी तुझा कवळा पाला ठेवला, सकाळ-संध्याकाळ ताजा. सगळ्या तुझ्याच पाल्यावर. औषधाच्या चकतीकडे ढुंकून बघेनात, फक्त तिच्यावरून फिरायच्या. मोजायच्या आधी उष्टा पाला मी काढून टाकला, मॅडमना कपात कचरा आवडत नाही. औषध अंगाला लागलं असणारच, झुरळाला फवारा लागतो तसं. तरी काही झालं नाही! याला म्हणतात घरचं खाणं.

पोपटलाही सांगितलं. तो म्हणाला, हिंजवडीचं पाणीच तसं आहे.

तुझा,
सूरज

ता. क. मळ्याचं तू लिहिलं होतंस ते आत्ता पाकीट बंद करताना आठवलं. म्हणजे मग मुरूम का?


हिंजवडी
७ डिसेंबर

सूरज,

आशीर्वाद पुढच्या पत्रात देते.

तुला अभिमान वाटला व्हय? तुझं पत्र मामांनी वाचलं आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. मग पायताण घालून तात्यारावकडं गेले. काल तात्याराव टेप घेऊन आला होता. माझ्या कोबीच्या सरीवरनं टेप वढत म्हणतो कसा, "वहिनी, इथं तीन गाड्या बसतील." मी म्हणलं, "तुमच्या घरात किती बसतील ते आधी मोजा."

त्यात तुझा पोपट. त्यानं बसमधल्या पोरापोरींना सांगितलं की हिंजवडीच्या अळ्या जगातल्या कुठल्याच औषधाला मरत न्हाईत. ती पोरं दुपारी जेवतात कुठं? क्यांटीनात. त्यांनी भाजी बाजूला सारली. वैजनाथ माझ्या दारात. "मावशी, पोरं कोबीला हात लावंनात. त्या म्याडमनं अळी मरते असा कागद दिल्याबिगर मी तुझा एक गड्डा घेणार न्हाई."

म्हंजे मळा पण गेला, गिऱ्हाईक पण गेलं, आणि गावाचं नाव पण. सोसायटीच्या कट्ट्यावर मामांना विचारतात, "काय जयसिंगराव, अळ्या काय खातात तुमच्या, बदाम?" घरात मिरवणारा माणूस बाहेर मान खाली घालून फिरतोय.

तुझी पावडरची पिशवी मोरीच्या वरच्या फळीवर हाय. बघितली की डोकं फिरतं.

आत्या


बिबवेवाडी, पुणे
११ डिसेंबर २००२

सौ. सरुबाई जयसिंग साखरे यांस,

सप्रेम नमस्कार. आपला परिचय नाही, तरी लिहिणे भाग आहे.

आपले भाचे सूरज यांनी काल मला सहज विचारले, "मॅडम, आता आत्याकडून आणखी पाला मागवू का? संपला." मी विचारले, कसला पाला. त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी खुर्चीवर बसून ऐकले.

हे औषध अंगाला लागून मरण्याचे नाही. ते अळीच्या पोटात गेले पाहिजे. पान खाल्ले की पोटात गेलेला जिवाणू आतडे निकामी करतो, अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. औषधाचे पान समोर ठेवून शेजारी दोन वेळा ताजे जेवण वाढले, तर कुठलीही शहाणी अळी औषध खाणार नाही. आपल्या अळ्या शहाण्या निघाल्या. हे सर्व मी सूरज यांना पहिल्या दिवशी समजावले होते. त्या वेळी रस्त्याने एक फ्रिज चालला होता असे ते म्हणतात.

आपले भाचे अत्यंत प्रेमळ आहेत. प्रयोगशाळेत हा गुण चालत नाही.

तेव्हा आपल्या अळ्या औषधाला मरत नाहीत हा निष्कर्ष चुकीचा आहे. मरतात हेही मी आज सांगू शकत नाही, कारण तपासलेच गेलेले नाही. अहवाल मात्र वर गेला असून तेथील मंडळी हिंजवडीच्या अळ्यांची आतुरतेने चौकशी करत आहेत. प्रयोग पुन्हा करून, काय निघेल ते, दुरुस्त अहवाल मी स्वतःच्या सहीने आपल्याला देईन. त्यासाठी आपल्याच मळ्यातील निदान चाळीस अळ्या पाठवाव्यात.

सोबत पाला पाठवू नये.

आपली,
डॉ. निकिता रणपिसे


बिबवेवाडी
११ डिसेंबर

आत्या,

मॅडमचं पत्र आणि हे पोपट एकदमच देईल. आधी हे वाच. नाही, आधी त्यांचं वाच. काहीही कर.

मॅडम ओरडल्या नाहीत गं, तेच वाईट. नुसत्या म्हणाल्या, "सूरज, त्यांना जेवणानंतर बडीशेपही दिली होती का?" आता मला कपांना हात लावायची बंदी आहे, फक्त धुवायचे. फ्रिजवर नवी चिठ्ठी लावलीये: "अळ्यांना काहीही देऊ नये. हे वाक्य एका विशिष्ट व्यक्तीसाठी आहे." विशिष्ट व्यक्ती कोण ते झाडणाऱ्या मावशींनीही विचारलं नाही.

मला वाटत होतं आपण कुणाचं तरी चांगलं करतोय. आणि तुझा मळा घालवून बसलो. मामांना सांग, मुरूम टाकायचा थांबवा. मी पाया पडतो म्हणावं. अळ्या तेवढ्या लवकर पाठव.

सूरज


हिंजवडी
१६ डिसेंबर

चिरंजीव सूरज,

रडू नको लेका. अर्धी चूक माझी हाय, पाला मीच दिला होता. म्याडमला सांग, सरुबाईचा नमस्कार, आणि पत्र समजलं. अक्षर लई सुंदर हाय त्यांचं.

पण अळ्या कुठनं पाठवू? त्या दिवशी तुला चिडून पत्र लिहिलं आणि मग ती पिशवी बघितली. आलेली वस्तू मला टाकवत न्हाई. म्हणलं मरत न्हाईत तर न्हाईत, निदान पिशवी तरी रिकामी हुईल, डाळ ठेवायला होईल. पंपात कालवून सगळ्या मळ्यावर फवारली. आणि आता मळ्यात अळी बघायला मिळंना.

मामांचा विश्वास बसंना. दोन चष्मे एकावर एक घालून सरी सरी हिंडले, पानं उलटीपालटी करत. म्हणाले, "लपल्यात." मी म्हणलं, "तुमच्या भ्यानं." मग मुकाट्यानं कट्ट्यावर गेले आणि सांगितलं की अळ्या मेल्या. तिथं कोण ऐकतंय! "म्याडमचा कागद दाखवा," म्हणाले. वैजनाथ पण तेच म्हणतो, डोळ्यानं बघून चालत न्हाई, कागद पायजे.

म्हंजे बघ काय झालंय. अळ्या मेल्यात हे दाखवायला जित्या अळ्या पायजेत. शेजारपाजारी पण मिळंनात. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला कंपनी, काचेला काय अळी लागत न्हाई. संक्रांत जवळ आली. तात्यारावचा मुरूम फाट्यावर येऊन पडलाय.

आत्या


हिंजवडी
४ जानेवारी २००३

सूरज,

मला पत्रं लिहायची सवय नाही. हे सरूला न विचारता लिहितोय, ती न्हाणीत आहे.

गावात माझी अशी फजिती कधी झाली नव्हती. सत्तावन्न वर्षांचा माणूस मी, सरपंचानं चहाला बोलवून विचारलं, "जयसिंगराव, अळीचं एखादं पिल्लू आहे का?" तेव्हाच ठरवलं. म्हटलं कागद आणायचाच, मळा राहो नाहीतर जावो.

फवारणीवेळी विहिरीकडच्या कोपऱ्यात दोन सऱ्या कोबी सुटला होता, पंप तिथवर पोचला नाही; तिथल्या अळ्या आधीच वेचून तुला पाठवल्या होत्या. कंपनीच्या काचेला रात्रभर दिवे असतात, त्याला बारक्या पाकोळ्या येतात. त्यातल्या काही आपल्या कोपऱ्यात उतरल्या, त्यांनी अंडी घातली, आणि तुझ्या मॅडमचं काम झालं. पहिली अळी दिसली तेव्हा सरूला हाक मारली. ती म्हणाली, "घरात पोरगं झाल्यासारखं काय वरडताय?"

पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोंबड्यांनी दहाबारा टिपल्या. मग मी खाट टाकली. सकाळी चहा तिथं, पेपर तिथं, दुपारी जेवण तिथं. हातात काठी. मुंग्या येतात म्हणून खाटेच्या पायाला आणि सरीच्या कडेला राख टाकलीये. गावात म्हणतात जयसिंगरावाला खूळ लागलं. म्हणू दे.

परवा तात्याराव डंपर घेऊन आला. डंपर नेमका त्याच कोपऱ्यातनं आत घालत होता. मी आडवा झालो.

म्हणाला, "दादा, तुम्हीच बोलावलं ना?"

म्हटलं, "बोलावलं होतं. आता जमत नाही. अळ्या लहान आहेत."

तो ड्रायव्हरकडे बघायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आपण नंतर येऊ." गेले. संक्रांतीनंतर येतो म्हणालाय.

डब्यात छप्पन्न आहेत, चाळीस मॅडमना आणि बाकीच्या वाटेत कमीजास्त झाल्या तर. पाला दिलेला नाही. सरू दोनदा आली होती डब्याजवळ, तिचा हात धरून ठेवला. एक अळी बाकीच्यांपेक्षा लांब आहे, पाठीवर जरा पिवळट. ती सगळ्यांत आधी दिसली होती. असंच सांगितलं.

जयसिंग साखरे


बिबवेवाडी
९ जानेवारी

ती. मामा आणि आत्या,

सोबत मॅडमच्या सहीशिक्क्याचा कागद आहे, तो आधी वैजनाथला दाखवा, मग कट्ट्यावर, मग तात्यारावला, हव्या त्या क्रमाने.

पातळ पाण्याच्याच चकत्यांवर सगळ्या मेल्या! मांजरीच्या अळ्यांहूनही लवकर. दुपारनंतर खाणं थांबलं, दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या, तिसऱ्या दिवशी काळ्या. मॅडमनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या तर म्हणाल्या, "सूरज, हा सत्काराचा कार्यक्रम नाही." पण हसत होत्या. वरच्या मंडळींनाही त्यांनी स्वतः कळवलं की आधीचा अहवाल मागे घेत आहे, कारण "नमुन्याचा अनवधानाने पाहुणचार झाला". हे शब्द त्यांचेच.

मला ठेवलंय. म्हणजे पक्कं म्हणाल्या नाहीत, मार्चपर्यंत बघू म्हणाल्या. या वेळी कप मीच भरले, त्या शेजारी उभ्या होत्या. रस्त्याने ढोल वाजत चालला होता, मी मान वर केली नाही. म्हणजे थोडी केली. एका ढोलवाल्याच्या डोक्यावर... जाऊ दे, भेटल्यावर सांगतो.

एक राहिलं. साध्या पाण्याच्या चकतीवर ज्या दहा सोडल्या होत्या, त्या सगळ्या जगल्या. त्या जगायच्याच असतात, तुलनेसाठी. खाऊन खाऊन टम्म झाल्यात.

सूरज


हिंजवडी
१२ जानेवारी

सूरज,

कागद मिळाला. वैजनाथनं वाचला, झेरॉक्स काढली, क्यांटीनच्या भिंतीला लावली. काल पहिला टेम्पो गेला. सरू टेम्पोत पुढं बसून गेली, स्वतः तोलून देणार म्हणाली. कट्ट्यावर मी कागद दाखवला नाही, नुसता खिशातनं थोडा वर काढून ठेवला. त्यांनीच मागितला.

तात्यारावचा मुरूम त्यानं दुसरीकडं उचलून नेला. जाताना विचारलं, "दादा, अळ्या मोठ्या झाल्या का?" मी काठी खाटेखाली सारली. कोपऱ्यातल्या दोन सऱ्या पुढच्या वर्षीही फवारायच्या नाहीत असं ठरवलंय. मॅडमना परत लागल्या तर गडबड नको.

खाट अजून उचललेली नाही. बसायला बरी जागा आहे.

सगळ्या मेल्या ते चांगलं झालं. तेच पाहिजे होतं. पण त्या साध्या पाण्यावरच्या दहांत ती लांब, पाठीवर पिवळट, ती होती का, ते मॅडमना न विचारता तूच बघून कळव. असेल तर इथं परत पाठवू नको, कोबी आत्ताच कुठं सावरलाय. पण तिथं खिडकी असेलच. पाकोळी झाली की उघड.

जयसिंग साखरे